एक गाणं संपेपर्यंत

३ जुलै २००६, सोमवार
कॉम्बो ११८. शनिवारचा मोडला. वरचा बाण अजून चुकतो, बोट उशिरा पडतं.
मे महिन्यात शाळेचा कंप्युटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने हा खेळ त्यात टाकला, सीडीही देऊन गेला. "मॅडम, टाइमपास." गाणं लागतं, पडद्यावर खालून बाण चढतात, वरच्या रेघेला टेकले की ठेक्यावर तेच बटण दाबायचं. न चुकता सलग जितके लागतील तो कॉम्बो. एवढंच. लहान पोरांचा खेळ.
वय अडतीस. ह्यांना जाऊन तीन वर्षं. ह्यांच्याच शाळेत, ह्यांच्या माघारी मिळालेली लिपिकाची नोकरी. आणि मी बाण मारते.
वही कुणाच्या हाती पडली तर? यापुढे नुसतं 'बा.' लिहीन.

७ जुलै, शुक्रवार
बा. २० मि. मधल्या सुट्टीत.
रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "बोटांना काय झालंय गं तुझ्या? ताटावर काय वाजवतेस?"
म्हटलं, टायपिंगची सवय.
"टायपिंग एवढं नाचत करतात?"
त्या हसल्या, पण मला वाटलं, कळलं.

१२ जुलै, बुधवार
पगारबिलं घेऊन जव्हारला गेले. येताना हेडफोन घेतला. दुकानदाराला सांगितलं शाळेसाठी. त्याने विचारलंही नव्हतं.
हेडफोन लावून पाच नंबरचं गाणं. भाषा कुठली कोण जाणे, पण खाली ढोल आहे आणि तो नीट छातीत वाजतो. लग्नाआधी माहेरी, पोशेऱ्यात, गौरीच्या नाचाला रिंगणात पहिली मीच असायची. ते शरीराला आठवतं. मला वाटलं होतं सगळं विसरलं.
गाणं चालू असतं तेवढा वेळ मी कुणाची कोणी नसते. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

१९ जुलै, बुधवार
रामदासभाऊ (आमचे शिपाई, ह्यांच्या वेळेपासूनचे) अचानक आत आले. पडदा वळवला. ते म्हणाले, "मॅडम, एकट्याच हसताय?"
मी सरळ सांगितलं, वरून माहिती मागवलीय, भरते आहे, चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. दुपारी कंप्युटर रूमकडे कुणाला सोडू नका.
"नाही सोडत."
दाराबाहेर स्टूल टाकून बसले बिचारे. बा. ४५ मि.

२५ जुलै, मंगळवार
लाईट नाही सकाळपासून. चिडचिड. एका आईला उगाच तोडून बोलले, फोटो का आणला नाही म्हणून. लाईट आली चारला. बा. नाही, मुख्याध्यापक सर बसून होते.
कॉम्बो १९०वर अडकलाय.

२८ जुलै, शुक्रवार
झालं! पाच नंबर पूर्ण, एकही मिस नाही. ३१२. दोन वाजल्यापासून बसले होते, साडेचारला जमलं. कुणाला सांगू? कुणालाच नाही.
बाहेर आले तर रामदासभाऊ म्हणाले, "सूर्यमाळहून मायलेकी आल्या होत्या. मुलीच्या दाखल्यात बापाचं नाव चुकलंय, दुरुस्त करून पाहिजे होता. दोन तास बसल्या. मी म्हटलं मॅडम महत्त्वाच्या कामात आहेत. गाडी निघायची म्हणून गेल्या."
म्हटलं, येतील सोमवारी.
३१२.

३१ जुलै, सोमवार
कुणी आलं नाही. रजिस्टर काढून ठेवलं होतं. बा. २० मि.

२ ऑगस्ट, बुधवार
आज समजलं. रामदासभाऊ स्टँडवर त्या मुलीच्या मामाला भेटले. मुलगी वनिता, आई बुधीबाई. वनिताचा नर्सिंगच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. कागदपत्रं तपासायला शनिवारी सकाळी दहाला जव्हारला बोलावलं होतं. चुकलेला दाखला घेऊन गेली. परत पाठवली.
शुक्रवार हाच एक दिवस होता. सर चार वाजेपर्यंत शाळेतच होते. सही झाली असती.
रामदासभाऊ म्हणाले, "मीच आत यायला पाहिजे होतं. पण तुम्ही सांगितलेलं…"
त्यांनी माझी क्षमा मागितली. त्यांनी. मी "असू द्या" म्हणाले.
रजिस्टर काढलं. एकशे सत्तेचाळीसवी नोंद, बापाचं नाव बरोबर आहे, दाखल्यावर उतरवताना चुकलंय. नवा लिहिला, शिक्का मारला, सरांची सही घेतली. सगळं मिळून किती वेळ? एक गाणं. फार तर दीड.

४ ऑगस्ट, शुक्रवार
जव्हारला फोन केला. ट्रेनिंगच्या ठिकाणचा क्लार्क म्हणाला, "यादी लागली मॅडम. आता पुढल्या वर्षी. शाळेचं पत्र द्या वाटल्यास, कुणी सोडून गेलं तर बघू."
सरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "उशीर का झाला?"
मी म्हणाले, "त्या उशिरा आल्या, सर."
हे मी म्हणाले. विचार करून नाही, तोंडातून आलं. सर म्हणाले, "हे लोक असेच, शेवटच्या दिवशी जागे होतात." मी मान डोलावली.
जेवण गेलं नाही. सासूबाईंना सांगितलं पित्त झालंय.

६ ऑगस्ट, रविवार
सूर्यमाळला जाऊन आले. गाडीने उतरून पाड्यापर्यंत पाऊण तास चढ. बुधीबाई नागलीच्या लावणीत होत्या, चिखलाचे हात तसेच घेऊन धावत आल्या.
"बाय, तुमी कशाला आलात इतक्या लांब? सांगावा धाडला असता त मीच आलू असतू."
खाट टाकली, वर गोधडी. कोरा चहा. शेजारणीला ओरडून सांगितलं, साळंतली बाय कागद द्याया घरी आली. दाखला दोन्ही हातांनी घेतला, वाचता येत नाही तरी उलटसुलट बघितला.
मी ठरवून गेले होते सांगायचं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "यंदा पाऊस बरा आहे."
वनिता गाडीपर्यंत सोडायला आली. अठरा वर्षांची, सडपातळ, फार बोलत नाही. उतार संपल्यावर म्हणाली, "मॅडम, मी त्या दिवशी मागून खिडकीत गेली होती."
मी थांबले.
"तुम्ही कानाला लावून बसला होता. बाण दिसत होते. पाय हलत होते तुमचे."
"हाक का नाही मारलीस?"
"वाटलं, एक गाणं संपलं की उठाल. मग दुसरं लागलं."
"आईला सांगितलंस?"
"नाय. तिला सांगितलं काम चाललंय."
गाडी आली. मी बसले. ती खाली उभी, हात केला नाही, गेलीही नाही.

७ ऑगस्ट, सोमवार
जव्हारला द्यायचं पत्र तयार केलं. 'सदर विलंब शाळेच्या लिपिकाने वेळेत दाखला न दिल्यामुळे झाला असून त्यात विद्यार्थिनीचा दोष नाही.'
सरांनी दोनदा वाचलं. "तुम्ही तर म्हणालात त्या उशिरा आल्या."
"खोटं बोलले, सर."
"मग काय करत होता तुम्ही?"
"कंप्युटरवर खेळत होते."
पंखा फिरत होता. सर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनी ह्या शाळेत कधी एक तास बुडवला नाही." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.
मग म्हणाले, "'कार्यालयीन कारणास्तव' लिहा. तुमच्या सर्व्हिस बुकचा विचार करा."
मी तसंच राहू द्या म्हटलं. त्यांनी सही केली, पेन टेबलावर टाकलं. खाली वनिताचा अर्ज जोडायचाय, तिची सही हवी. निरोप धाडला.
खेळ मशीनमधून काढून टाकला.

१० ऑगस्ट, गुरुवार
काढून टाकला होता, पण सीडी माझ्याच कपाटात होती. आज परत टाकला. दोन गाणी. दुसऱ्यात २०१.
काय लिहू. मला वाटलं होतं, इतकं झाल्यावर मन उठेल. उठलं नाही. बोटं बसली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि उठलं की तोंड दाखवू नये असं. सीडी मधोमध मोडली. मोडताना हाताला लागलं.
रामदासभाऊंना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं, माहिती भरताना कोण इतकं डुलतं." आज दुपारी स्टूल बाहेर टाकलं नाही.

१४ ऑगस्ट, सोमवार
उद्याच्या झेंडावंदनाची शाळेत गडबड. अकराला बुधीबाई आल्या, एकट्याच. वनिताने अर्जावर सही करून दिली होती. ती मामाकडे गेलीय, भिवंडीला, गोदामात काम मिळतंय का बघायला. "नंबर लागला त येल परत," म्हणाल्या. काकड्या आणल्या होत्या, फडक्यात बांधून. "तुमी एवढं करता आमच्यासाठी."
दार लावलं. खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या. मीही खाली बसले. सगळं सांगितलं. बाण, हेडफोन, दोन ते साडेचार.
त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पण पोरगी त बोलली, काम चाललंय."
"ती खोटं बोलली. मला वाचवलं तिने."
"मंग ते काम नव्हतं?"
"नव्हतं."
"दोन तास?"
"हो."
मी हात जोडले, त्यांनी ते बघितले आणि नजर रजिस्टरांच्या कपाटाकडे नेली. मी म्हटलं, जव्हारला मी स्वतः पत्र घेऊन जाते, जागा रिकामी झाली तर मीच भिवंडीला जाऊन तिला आणते, नाही झाली तर पुढल्या वर्षी सगळे कागद मी करते. बोलतच राहिले. त्या म्हणाल्या, "पुढल्या वर्सी तिचं लगीन करतील तिचे काके."
उठल्या. लुगडं झटकलं. काकड्यांचं फडकं उचललं, मला वाटलं परत नेतायत. सोडलं, काकड्या टेबलावर ठेवल्या, फडकं घडी करून कमरेला खोचलं.
फाटकाबाहेर गेल्यावर मी हाक मारली, बुधीबाई. ऐकू गेलं असावं. त्यांच्या गाडीला अजून तासभर होता, ऊन होतं, तरी त्या थांब्यावर बसल्या नाहीत. सूर्यमाळच्या रस्त्याने चालत निघाल्या.
पत्र पिशवीत आहे. परवा पहिल्या गाडीने जव्हार.