प्लॅस्टरच्या तोंडाने खाल्लेली गोळी

प्रिय ताईस,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. पाठ अजून तेवढी वाकत नाही.) तुझा गुडघा जिना चढू देतो का? भाऊजींचा रक्तदाब खाली आला का, की लग्नाचा हॉलवाला फोन करतो तेव्हा पुन्हा वर जातो? भाचीला सांग, मामाने तिच्या लग्नासाठी नवीन बूट घेतले आहेत आणि ते आतापासून चावत आहेत.

तुझं पत्र पोचलं. चार पानं हॉलवाल्याच्या भांडणाची आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात एकच ओळ: 'गोळी सुटली ना रे? ह्यांनी व्याह्यांना सांगून टाकलंय की सुटली.' ताई, लहानपणीसुद्धा तू खरी गोष्ट अशीच, दारातून निघता निघता विचारायचीस. उत्तर देतो. पण आधी एका तोंडाची हकीकत ऐकावी लागेल, कारण त्याशिवाय उत्तराचा अर्थ लागणार नाही.

तुला माहीतच आहे, आमच्या दातांच्या लॅबमधल्या स्टुलावरून पडलो, पाठ गेली, दुखणं थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या, दुखणं थांबलं आणि गोळ्या थांबेनात. त्या अफूच्या जातीच्या. त्यांची सवय सुटावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी ही दुसरी गोळी दिली, सवयीला शांत झोपवून ठेवणारी. ही गिळायची नाही. जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. लोक मूग गिळून गप्प बसतात, मी गोळी न गिळता बसतो, एवढाच फरक. (भाऊजी सल्ला द्यायला बरोबर त्याच वेळी फोन करतात हे माझ्या केव्हाच लक्षात आलं आहे. उलट उत्तर न देणारा मेहुणा कुणाला आवडणार नाही?) ह्या गोळीवर मी कामाला जातो, जेवतो, झोपतो, बिलं भरतो. माणसात आलो तो हिच्यामुळे. मग बाई म्हणाल्या, तुमची तयारी असेल तर हळूहळू कमी करून बघू. अख्खीची पाऊण झाली, पाऊणची अर्धी, अर्धीची पाव.

कमी होताना माणसाचं काय होतं हे कुणी सांगत नाही. मला शिंका सुरू झाल्या. जांभया अशा की मालक म्हणाले, "अरे, मिट ते तोंड, गिऱ्हाईक तुझ्याच दातांचं माप घेईल." भर उन्हात अंगावर काटा. प्लॅस्टरच्या पोत्यावर 'कोरड्या जागी ठेवा' असं वाचून डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं जग माझ्याशी बंद दाराआडून बोलत होतं, ते एकदम आत येऊन बसलं, चपला न काढता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी दात खायला लागलो. रागाने नाही, आपोआप. करकर, करकर. पॉलिश करणाऱ्या मावशींनी एकदा मशीन बंद करून तेल घातलं, तरी आवाज येतोच, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुलाच घालायला पाहिजे होतं."

आता दुसऱ्यांचे दात करणाऱ्याने स्वतःचे दात झिजू द्यायचे म्हणजे धंद्याची बेअब्रू. ठरवलं, आपल्या मापाचं पारदर्शक टोपण करायचं आणि दातांवर चढवून ठेवायचं. त्यासाठी आधी स्वतःच्या तोंडाचं माप हवं. तुला आठवत असेल, डॉक्टर त्या वाकड्या साच्यात गुलाबी लगदा भरतात आणि तोंडात कोंबून म्हणतात, अजिबात बोलू नका. मी विचार केला, मी रोज सकाळी नाहीतरी अजिबात बोलत नसतो! तो वेळ फुकट का घालवायचा? पाव गोळी जिभेखाली ठेवली आणि वरून साचा बसवला. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की हसू आवरताना लगदा नाकापर्यंत आला. माप निघालं, प्लॅस्टर ओतलं, सुकलं, साचा सोडवला. आत माझं तोंड, हुबेहूब. तो पुढचा दात, जो तू झोपाळ्यावरून ढकलल्यावर तुटला होता, तोसुद्धा. आणि खालच्या जबड्यात, जीभ असते तिथे, पांढऱ्यावर पांढरा एक तुकडा रुतलेला.

माझी गोळी. लगद्याला चिकटून गेली होती, तिथून प्लॅस्टरमध्ये. मी रिकामा, आणि त्या तोंडाने आपल्या वाटणीची घेतली होती.

मावशी आत आल्या तेव्हा मी प्लॅस्टरच्या तोंडात स्वतःची जीभ घालत होतो. त्यांनी जाऊन पंखा लावला आणि हळूच म्हणाल्या, "बस जरा. हवा लागू दे." डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "प्लॅस्टर खाऊ नका. उद्या नेहमीची घ्या. आणि गोळी तोंडात असताना तोंडात दुसरं काही घालू नका. हे मला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

ते तोंड मी फळीवर ठेवून दिलं, वरचा जबडा खालच्यावर नीट बसवून. आमच्या फळ्यांवर अशी तोंडं ओळीने असतात, वाण्याच्या दुकानात बरण्या असाव्यात तशी. सगळी उघडीवाघडी, कशाचं तरी हसू आल्यासारखी. पण माझं तोंड त्या ओळीत वेगळं दिसायचं. शांत. ताई, तो शांतपणा मी ओळखतो. अख्ख्या गोळीवर असताना आरशात मी तसाच दिसायचो. माझी मात्र त्या दिवशी घामाने बनियन पिळायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवसापासून माझी करकर थांबली. टोपण तयार व्हायच्या आधीच! मी मावशींना पेढे देणार, तेवढ्यात (दुपारची वेळ, मशिनी बंद, मालक बँकेत) आवाज आला. करकर, करकर. मी स्वतःच्या तोंडात बोट घातलं. बोट शाबूत, आवाज चालू. मावशी म्हणाल्या, "तू नाहीस?" मी बोट न काढता मान हलवली. मग आम्ही दोघांनी फळीकडे बघितलं, आणि आवाज थांबला, वर्गात मास्तर वळल्यावर थांबतो तसा.

मावशी म्हणाल्या, उंदीर. असेल. पण उंदराने एवढ्या ओळीतून माझंच तोंड का निवडावं? मावशींनी दोन्ही जबड्यांमध्ये कापूस ठेवला. सकाळी कापूस चावून कागदासारखा झालेला. आणि तोंडाखाली रोज पांढरी पूड, चिमूटभर. मावशी ती मुकाट्याने पुसायच्या. मालकांनी भिंग लावून माझे दात तपासले: नवीन झीज काही नाही. प्लॅस्टरच्या तोंडातले दात मात्र सपाट होत चालले होते. तू मोडलेला दात तर दिसेनासाच झाला. मालक म्हणाले, "प्लॅस्टर हलक्या प्रतीचं आलंय, बदलून आणू." (मालकांचं हे बरं आहे. जगातलं काहीही बिघडलं की ते बदलून आणतात.)

खरं सांगू? मला सवय झाली. मी पावाचा अर्धा केला, तशी करकर वाढली. काम करता करता मी त्याला म्हणायचो, "चालू दे बाबा, तू खातोस म्हणून माझे वाचतात." मावशीसुद्धा जाताना त्याला सांगून जायच्या, "येते रे." मला कधी सांगत नाहीत.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गेल्या सोमवारी सकाळी मी गोळी घेतली नाही. पाव नाही, अर्धा पाव नाही, काहीच नाही. तोंड रिकामं. भाऊजींना खुशाल सांग, ते व्याह्यांशी खोटं बोललेले नाहीत.

सगळ्यांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझाच,
दात्या

ता. क. वरच्या मजकुरात सोमवार लिहिला आहे. आज गुरुवार. मधलं राहिलं.

सोमवारी मला डॉक्टरीणबाईंनी थांबवायला सांगितलं नव्हतं. मी लग्नाची तारीख बघून थांबलो. त्या दिवशी फळीवरून आवाज आला नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. फळीवर पूड नाही. मावशी दोनदा जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "आज हा गप्प का?" त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम रस्त्यापलीकडचं औषधांचं दुकान. तेच, जिथे मी पूर्वी दुखण्याच्या गोळ्यांसाठी जायचो. अंगावर एप्रन, पायात एकच चप्पल. रस्ता कसा ओलांडला माहीत नाही. दुकानदाराने विचारलं, "काय देऊ?" जिभेखाली काही नसताना तोंड मिटलेलंच. पैशांसाठी खिशात हात घातला आणि काउंटरवर ठेवलं ते माझं प्लॅस्टरचं तोंड. ते खिशात मी ठेवलं नव्हतं.

दुकानदाराने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दात आम्ही ठेवत नाही, साहेब."

ताई, मला हसू फुटलं. इतकं, की काउंटर धरून उभा राहिलो. मग तोंड उचललं आणि वळलो. रस्त्याच्या मध्यावर खिशात करकर सुरू झाली. आयुष्यात कुठल्या आवाजाने इतकं हायसं वाटलं नव्हतं.

बाईंनी मला परत पाव गोळीवर आणलं आहे. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता शरीराची सवय गेलीय. पूर्वीइतक्या घेतल्या असत्या तर मला तुमचा फोन आला नसता. दुसऱ्या कुणाचा तरी आला असता." आणि म्हणाल्या, "लग्नापर्यंत सुटायला हवी ही तुमच्या भाऊजींच्या व्याह्यांची तब्येत झाली, तुमची नव्हे. तुम्ही पावावर थांबा, वर्षभर लागलं तरी."

पुन्हा ता. क. तेव्हा भाऊजींना खरं काय ते तूच सांग. (रक्तदाबाची गोळी दिल्यावर सांग. त्यांना गोळी लागते ह्याचं कुणी व्याह्यांना स्पष्टीकरण देत नाही, हेही जमलं तर सांग.) आणि लग्नाच्या सकाळी मला दार लागणारी एक खोली दे. थोडाच वेळ. कुणी विचारलं तर म्हण, मामा गप्प बसलाय. आत येऊन माझ्याशेजारी नुसती बसलीस तर त्याहून बरं.

आणखी एक. सोबतच्या खोक्यात कापसात गुंडाळून ते तोंड पाठवतो आहे. इथे माझ्या हाताशी असलं की ते कुठे कुठे येतं, त्याचा भरवसा नाही. तुझ्या कपाटात, कपड्यांच्या मागे ठेव. करकर ऐकू आली तर घाबरू नकोस, सगळं ठीक चाललंय असं समज आणि पूड पुसून टाक.

आवाज थांबला, तर मात्र हातातलं काम टाकून मला फोन कर. मी उचलेपर्यंत करत राहा.