तीनदा नाकारलेला नमुना

प्रिय कासवा,

हे नाव मीच ठेवले आणि घरादाराच्या तोंडी बसवले, म्हणून त्याच नावाने सुरुवात करते. माझे मागचे पत्र तुझ्या लग्नाच्या वेळचे. त्यातही मी तुला पहाटे उठण्याचे फायदेच लिहिले होते.

गेले वर्षभर प्रयोगशाळेचे तीन जिने मला एका दमात चढवत नव्हते. दुसऱ्या वळणावर थांबून मी सूचनाफलक वाचण्याचे सोंग करी. तो फलक मला आता चुकांसकट पाठ आहे. दुपारी अहवालांवर सह्या करताना पेन शिशाचे वाटे. रविवारी दहा तास झोपूनही उठताना अंग आदल्या दिवसाइतकेच जड. मी कुणापाशी अवाक्षर काढले नाही. तीस वर्षे दुसऱ्यांचे रक्त तपासणाऱ्या बाईने 'मी दमते' म्हणावे, हे मला शोभणारे वाटले नाही.

अखेर स्वतःचे रक्त यंत्रात घातले. हिमोग्लोबिन साडेसहा, निदान बारा हवे तिथे. नमुना नीट घेतला नाही म्हणून मी आमच्या तंत्रज्ञाला फैलावर घेतले. दुसऱ्या नमुन्यातही तोच आकडा आला, तेव्हा यंत्र तपासायला लावले. तिसऱ्यांदाही तेच निघाल्यावर, बारा वर्षे माझी बोलणी निमूट खाणारा तो गृहस्थ खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, की मॅडम, यंत्र ठणठणीत आहे, आता तुम्ही बसा. उद्धट होता, पण बरोबर होता.

दोष आतड्यात निघाला. गव्हातले एक प्रथिन माझ्या आतड्याला सोसत नाही, त्यामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. गहू सोडून, औषध घेऊन तीन महिने झाले. परवा मी तो फलक न वाचता वर गेले.

तेव्हापासून तूच डोळ्यांसमोर आहेस. भांडी घासता घासता ओट्यावर कपाळ टेकणारी, वेणी घालताना मध्येच हात खाली सोडणारी. आई म्हणायची, पोरीच्या अंगात त्राणच नाही गं. मी म्हणायचे, कामचुकारांचे त्राण नेमके कामाच्या वेळीच कसे जाते? ते वाक्य मला इतके आवडले होते, की पाहुण्यांनाही ऐकवले.

हा आजार सख्ख्या भावंडांतही असू शकतो. रक्ताची तपासणी करून घे, आणि ती होईपर्यंत गहू मुळीच सोडू नकोस, नाहीतर निष्कर्ष फसवा येतो. एवढ्यासाठी चार ओळी पुरल्या असत्या. पण परिचारिकेच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी तू माझ्याकडे रक्त तपासून घेतलेस, आणि मी आईला व तुला सांगितले, की अहवालात काही नाही. होते. हिमोग्लोबिन आठ होते. तुला शिक्षण सोडायला निमित्त मिळेल, म्हणून मी तो आकडा दाबला. पुढे शिक्षण सुटलेच, आणि ताईने दिलेला तुझा अहवाल स्वच्छ असल्यामुळे तुझ्या थकव्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, तूसुद्धा नाही. म्हणून ही तपासणी माझ्याकडे करू नकोस. दुसरीकडे कर, आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

तुझीच,
ताई