बूट घालून माडीवर

६ जानेवारी
पुन्हा तेच! इशिता मॅडमसोबत मीटिंग चालू, आणि आप्पा दारात — हातात केळीचा घड. "हा जरा ओटीवर ठेव." सगळ्या टीमने घड पाहिला. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

नंतर मॅडमचा फोन. घरून काम करायची परवानगी या महिन्यापुरतीच. कामं अशीच रखडली तर रोज अंधेरीला यायचं.

मग आप्पांजवळ कोण? दिवाळीपासून दोनदा चक्कर येऊन पडलेत. विनिता दिवसभर शाळेत शिकवते. वडिलांसाठी म्हणून तर घरून काम मागून घेतलं — आणि तेच काम करू देत नाहीत.

७ जानेवारी
आप्पांना नीट समजावलं. "बरं बरं," म्हणाले. माझा चहा संपायच्या आत हाक — वाडीतला पंप बंद कर. मग शेजारच्या आल्बिनालाच घेऊन आले. तिच्या लाइटबिलाची तक्रार मोबाइलवरून करून द्यायची. "करेल की. हल्ली घरीच असतो तो." रिकामटेकडा म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं!

रागाने जेवलो नाही. संध्याकाळी भूक लागली, मुकाट्याने पाव खाल्ला.

८ जानेवारी
ऑफिसचं काम शून्य. माळ्यावरची भांडी मात्र खाली आली.

९ जानेवारी
विनिता म्हणते, "बनियनवर बसतोस. कामावर आहेस असं वाटणार कसं त्यांना?" तिनेच युक्ती काढली. कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, काम सांगायचं नाही — हे आप्पा कटाक्षाने पाळतात. अपशकुन होतो म्हणे. मी हसलो. पण सोमवारी करून बघतो.

१२ जानेवारी
बूट घातले, बॅग खांद्याला. "येतो आप्पा." फाटकातून बाहेर, केळीच्या कडेने वळसा, आणि बाहेरच्या जिन्याने माडीवर. आप्पा ओटीवरून बघत होते — जिना तिथून चांगला दिसतो. मिशीत हसले. पण दिवसभर एक हाक नाही!

१४ जानेवारी
आप्पांनी निघताना डबा दिला. घरातल्या घरात डबा! मी जेवायलाही खाली येऊ नये, असं त्यांचं म्हणणं. "कामावरचा माणूस मध्येच घरी येतो का?"

दुपारी आल्बिना तिळगूळ घ्यायला आली. खालून आवाज आला — "कौस्तुभ कामाला गेलाय. संध्याकाळी भेटेल." काय रुबाब त्या आवाजात! फार बरं वाटलं.

१९ जानेवारी
मागचं सगळं काम संपलं.

२३ जानेवारी
मॅडमचा मेल. परवानगी कायम! विनिताने पापलेट आणले. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग? शिस्तीने जातोस आता." म्हातारा श्रेय घेतोय. घेऊ दे.

२८ जानेवारी
हॉस्पिटलात बसून लिहितोय. आप्पा मोरीत घसरले. खुबा मोडलाय, उद्या ऑपरेशन. संध्याकाळी विनिता शाळेतून आली तेव्हा दिसले. पडले होते सकाळीच, मी निघाल्यावर थोड्या वेळाने. दिवसभर शुद्धीवर होते. मोरीच्या बरोबर वर माझी खोली.

विचारलं, हाक का नाही मारलीत?

"तू कामाला गेला होतास ना."