रस्त्यापलीकडचा वटवट्या

३ नोव्हेंबर

पोटात दुखतंय. खाण्यानं नाही, जळून!

लोहाऱ्यातल्या दोन बागांपैकी एकीवर कॉलेज 'पाखरांची बाग' अशी पाटी लावणार. एक आमच्या कॉलनीची — सहा वर्षं मी सांभाळलेली. दुसरी रस्त्यापलीकडे, नाहिदच्या कॉलनीची. बाग कसली, कमरेइतकं गवत! आज कॉलेजचे सर पक्षी मोजायला येणार म्हणून मी पहाटेच पानन् पान झाडलं, पाला जाळला, ज्वारी टाकली. पाहुणे येणार म्हटल्यावर झाडझूड नको?

कबुतरंच कबुतरं आली. अमरसिंग सर हसले. "कबुतरं तं दाण्यासाठी येतात, ताई. बाग जित्ती हाय का नाही, हे किडे खाणारं पाखरू सांगते."

नाहिदच्या गवतात त्यांना वटवट्या दिसला. मुठीत मावेल एवढा किडेखाऊ पक्षी, दिवसभर टिवटिव. ती झाडूला हात लावत नाही, आणि पाटी तिला!

५ नोव्हेंबर

नाहिद आली होती. "वटवट्या तुह्या बागेतबी येईन पाह्य. जरासं गवत वाढू दे ना." शिकवतेय मला! शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून ऐकून घेतलं.

९ नोव्हेंबर

रागानं बागेत पाऊल टाकलं नाही. झाडू नाही, कापणी नाही, ज्वारी नाही. माजू दे तण!

१२ नोव्हेंबर

भाजीबाजारात किसनराव भेटले, नाहिदच्या कॉलनीचे अध्यक्ष. तोंडातून निघूनच गेलं — "तुमच्या गवतात साप निघाला म्हणे. लेकरं खेळतात हो तिथं."

"काय सांगता! उद्याच जेसीबी बोलावतो."

साप-बिप काही नाही. पण वांगी घेऊन परतताना बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

१३ नोव्हेंबर

दुपारपर्यंत पलीकडे नुसती माती. नाहिद कडेला उभी होती. मी पडदा ओढला.

२४ नोव्हेंबर

माझ्या मेंदीत वटवट्या!! न कापलेली मेंदी, खाली तण — त्यात शेपटी उभारून ओरडत होता. लगेच सरांना फोन लावला. पाटी आता माझी!

२५ नोव्हेंबर

सकाळीच नाहिद आली. मेंदीपाशी बसून बराच वेळ पाहत राहिली. "वाचलं ना बाई! मले वाटलं, जेसीबीखाली गेलं."

मग माझा हात धरला. "किसनराव म्हणे, सापाचं तूच सांगतलं. लय बरं केलं. माही नात तिथंच खेळते."

चहा टाकते म्हणून आत आले. आधण आटून गेलं. ती अजून बाहेर बसलीय.