न धरलेली रायफल

७ सप्टेंबर, शनिवार

रायफल विकत घ्यायची, पण हात लावायचा नाही! साकुमा-सानच्या दुकानात आज दोन तास उभा होतो. काचेपलीकडे ओळीने एअर रायफली आणि अलीकडे मी, हात मागे बांधून. जपानचा कायदाच तसा. आधी एक रायफल निवडायची, तिच्याच नंबराने पोलिसांकडे अर्ज करायचा, परवाना आला की मग ती हातात. म्हणजे साखरपुडा उरकून मुलगी बघायला जायचं! म्हातारा स्वतः एकेक खांद्याला लावून दाखवत होता. तो पाच फूट, मी सहा. त्याच्या खांद्यावरून मला काय कळणार, कपाळ?

वर म्हणतो, घाई नको. घाई कोण करतंय? कॉलेजात एन.सी.सी.मध्ये राज्य पातळीवर रौप्यपदक होतं माझं. त्याला बावीस वर्षं झाली. नंतर खांद्याला लॅपटॉपच्या बॅगेशिवाय काही लागलेलं नाही. परवान्याची लेखी परीक्षा पास झालो, तीही जपानीतून. पन्नास प्रश्न, सत्तेचाळीस बरोबर. ऑफिसातल्या एकाचंही तोंड उघडलं नाही कौतुकाला.

८ सप्टेंबर

साकुमा-सानने एक युक्ती सांगितली होती. कोपराच्या खाचेपासून तर्जनीपर्यंत टेप लावायचा, रायफलीचा खांद्याला टेकणारा दस्ता साधारण तेवढा लांब हवा. लावला. छत्तीस सेंटिमीटर. मग मॉपच्या दांड्यावर खूण केली आणि तो खांद्याला लावून आरशासमोर उभा राहिलो. हात अजून स्थिर आहे माझा!

ईश्वरी खोलीतून बाहेर आली. बघितलं, परत आत गेली आणि दार लावून घेतलं. हाक मारली तर आतून जपानीत उत्तर. मराठीत बोल म्हणून ओरडलो. अकरा वर्षांची पोरगी बापाशी परक्या भाषेत बोलते! मराठी पार विसरलीय. नुपूर बायको माझी, पण म्हणाली, हळू, खाली मियामोतो आजी आहेत. माझ्या घरात मी कुजबुजत राहू का?

१६ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. पुन्हा दुकान. ठरलं एकदाचं.

आधीच हवा भरून ठेवायची ती युरोपियन रायफल — काय देखणी! धक्का नाही, एकामागून एक गोळ्या झाडा. पण तिच्याबरोबर हवेची टाकी आली, ती भरून आणायची कटकट आली, आणि एवढ्या पैशांत आम्ही तिघं दोनदा पुण्याला जाऊन येऊ. सोडली. घेतोय ती जपानी, जुनी, हाताने पंप करायची. साडेपाच मिलिमीटरची गोळी. प्रत्येक गोळीला सात-आठ वेळा दांडा मारायचा. दंड दुखतील, दुखू देत. शनिवारी रेंजवर कागदी निशाण आणि हिवाळ्यात हिगुची-सानच्या सासऱ्यांची संत्र्याची बाग, चिबाच्या पार दक्षिणेला. तिथे हियोदोरी पक्षी थव्याने येऊन संत्री फोडतात. आमच्या बुलबुलचाच आडदांड भाऊ. हिगुची-सान ऑफिसात माझ्याच टीममधला, त्याने स्वतः बोलावलंय.

स्कोपवरून मात्र डोकं फिरलं. मला चोवीस पट मोठं दाखवणारा हवा होता. म्हातारा नाहीच म्हणाला. तो लांबच्या निशाणासाठी, म्हणे. वीस मीटरवरच्या फांदीवर लावलात तर नुसतं धुकं दिसेल आणि पाखरू सापडायच्या आत उडून जाईल. तीन ते नऊ पटीचा घ्या, जवळचं स्पष्ट करता येतं तो. रायफल जुनी चालेल, काच हलकी नको. मी वाद घातला. दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. बघू देत! शेवटी त्याचंच ऐकलं, कारण तो बरोबर होता. याचाही राग आला.

२१ सप्टेंबर

रायफलीचं लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने जखडायचं हाही कायदा. घरमालक म्हणतो भोक पाडायचं नाही. चार फोन, दोन पत्रं, शेवटी घर सोडताना भिंत नवी करून देण्याचं लिहून दिलं. बारा वर्षं ग्योतोकुतल्या या घराचं भाडं भरतोय, एक दिवस उशीर नाही!

ईशूच्या खोलीच्या दाराची मूठ तुटली. मी जरा जोरात ओढलं इतकंच. इथलं सामानच असलं तकलादू.

२५ सप्टेंबर

अर्ज दिला. डॉक्टरचा दाखला, फोटो, सगळं. डोकं ठिकाणावर असल्याचा कागद आता माझ्याकडे आहे. नुपूरला दाखवला. हसली नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

पोलीस येऊन गेले. ओनुकी-सान. बूट काढून सरळ लावून ठेवले, कपाट हलवून बघितलं, बोल्ट मोजले. मग मला म्हणाले, थोडा वेळ खाली थांबाल का, घरच्यांशी बोलायचंय. माझ्याच घरातून मला बाहेर! वीस मिनिटं शीतपेयांच्या मशिनपाशी उभा राहून दात-ओठ खात होतो. नुपूर कोतोच्या इंडियन स्कूलच्या ऑफिसात काम करते, तिचं सगळं इंग्रजीत चालतं. जपानी जेमतेम. ईशू मदतीला होती म्हणून निभावलं असणार.

वर आलो तर चहाचे कप धुऊन झाले होते. काय विचारलं म्हटलं, तर नुपूर म्हणाली, नेहमीचंच. ईशू क्लासला निघून गेली.

१२ ऑक्टोबर

पोलिसांचा फोन नाही.

१९ ऑक्टोबर

फोन नाही. शिकारीचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. साकुमा-सानने रायफलीला माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलीय.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

ओनुकी-सानचा फोन. आवाज असा की जणू माझ्या घरात कुणी वारलंय. चौकशीत काळजीचा सूर निघाला, म्हणाले. नकाराची नोंद होण्यापेक्षा तुम्ही आपणहून अर्ज मागे घेतलात तर बरं. कुणाचा सूर? ते सांगता येत नाही.

सांगायला कशाला हवं? मियामोतो! खालच्या मजल्यावर भिंतीला कान लावून बसलेली म्हातारी. दिवाळीला दरवर्षी डबा नेऊन देतो हिला. मी मोठ्याने बोलतो, तर बोलतो! आमच्याकडे घराघरात लोक मोठ्याने बोलतात. त्याला भांडण म्हणत नाहीत. तळपायाची आग मस्तकात गेली. रिमोट भिंतीवर फेकला. नुपूरने तुकडे गोळा केले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कचऱ्याच्या जागेपाशी मियामोतो आजींना गाठलं. हातात बाटल्यांची पिशवी. पोलिसांना काय सांगितलंत, म्हणून विचारलं. विचारलं कसलं, ओरडलोच. समोरचा सायकलवाला थांबला. त्या एक पाऊल मागे सरकल्या, पिशवी छातीशी धरली. मग अगदी सावकाश, मला समजावं अशा जपानीत म्हणाल्या, "मी महिनाभर सेंदाईला लेकीकडे होते. काल रात्री आले. मला कुणी काही विचारलेलं नाही."

आणि वाकून माझी माफी मागितली! त्यांनी! मी तिथेच उभा. बाटल्या त्यांच्या त्यांनीच क्रेटमध्ये लावल्या, एकही वाजू न देता.

मग कोण?

२७ ऑक्टोबर

नुपूरला विचारलं. ओरडून नाही. विचारलं फक्त. ती कणीक मळत होती, हात थांबवला नाही.

"त्यांनी मला विचारलं, घरात कुणाला यांची भीती वाटते का. मी म्हटलं नाही. ईशूने जपानीत 'हो' सांगितलं. तेवढं जपानी मला येतं, शैलेंद्र. मी ते दुरुस्त केलं नाही."

मी म्हटलं, आजवर बोट तरी लावलंय का तुम्हाला? ती म्हणाली, नाही. आणि पुन्हा मळायला लागली.

मी रागावलो नाही असं लिहिणार होतो. खोटं आहे. रागावलो, फार रागावलो. घराबाहेर पडलो, नदीच्या बांधावरून पूल येईपर्यंत चालत गेलो. सबंध वाटेत ईशूला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होतो. परत येताना आठवलं, मॉप खांद्याला लावून उभा होतो त्या दिवशी आरशात मला ती दिसली होती. तिचं तोंड दिसलं होतं. मी बघत होतो माझा हात.

२८ ऑक्टोबर

अर्ज मागे घेतला. साकुमा-सानने चिठ्ठी काढली आणि घडी करून माझ्या हातात दिली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लवकर सुटलो. दारापाशी आलो, किल्ली काढली. आत दोघी हसत होत्या. ईशू शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती. न अडखळता, भरभर, मराठीत.

किल्ली परत खिशात ठेवली. बेल वाजवली.