कौलाविषयीचं ते वाक्य

१२ फेब्रुवारी १९८५, मंगळवार

शेवटी ते वाक्य राहू दिलं. या वयात मी कायद्याचा विद्यार्थी, त्यात कॉलेजच्या विधी-नियतकालिकाचा संपादक. वर्गातल्या सुलभाच्या लेखातलं ते वाक्य आठवडाभर खुपत होतं : ‘देवाचा कौल हा न्याय नव्हे, हव्या त्या उत्तराची सोय आहे.’ कापू म्हटलं, तर ती म्हणाली, “काका, मगे माझा नाव पण काढा.”

“तू कौल लावताना कधी बघलंस काय गो?”

“नाय.”

म्हणून आज तिला आमच्या गावच्या देवळात नेलं. बांधावरच्या काजूवरून दोघा भावांचा तंटा. देवाच्या मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवल्या, उजवी धाकट्याची, डावी थोरल्याची. उजवी आधी पडली, झाड धाकट्याचं ठरलं. सुलभाने त्याला विचारलं, “आणि डावी पडली असती तर?”

“तर परत कौल लावलो असतो!”

थोरलाही हसला. म्हणजे तिचंच खरं?

मग दोघे भाऊ एकाच सायकलवरून घरी गेले. सुलभा बघत राहिली. “काका, ह्या पण लिवक व्हया.”

वाक्य जसंच्या तसं आहे. त्याखाली तिने सायकल लिहिली. संध्याकाळी दिवा लावताना देवाची माफी मागावी का, असं मनात आलं. मागितली नाही. तो रागावलाय असं वाटलंच नाही.