झाडून काढलेलं जंगल

आदरणीय व्याही वासुदेवराव यांना पुंडलिकचा मनापासून रामराम.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाई भागीरथाबाईंची कंबर बरी आहे ना? आमच्या मंजुषाचा खोकला गेला का? जावईबापू वेळेवर जेवतात का? नातू चंदनचा पडलेला दात आला का? आणि कोंबड्या? अंडी रोजच्याइतकीच मिळतात ना? (सहज विचारलं.)

कळवायला आनंद वाटतो की गावच्या वनसमितीचा अध्यक्ष म्हणून माझं नाव तालुक्यापर्यंत गेलं आहे. (कसं गेलं ते पुढे येतंच.) जंगल सांभाळायचं म्हणजे नुसता साग राखायचा नाही, त्यातल्या किडामुंगीचाही आराखड्यात विचार करायचा, असं वनखात्याच्या अंकिता मॅडमनी आम्हाला वर्षभर समजावलं. त्या पाहणीला येणार म्हटल्यावर कोणीही पाहुणा यायचा असला की गाव जे करतं तेच केलं. साफसफाई. ग्रामस्वच्छतेचं बक्षीस मिळवलेलं गाव आमचं, हात कसे स्वस्थ बसतील? संक्रांतीआधी आमच्या शकुंतलाबाई खराटा घेऊन पुढे आणि गाव मागे. पालापाचोळा झाडून नेला, बोराटीची झुडपं छाटली, वाळकी खोडं बैलगाड्यांनी घरी आणली, सागाच्या बुंध्यांना गेरू लावला. वाटेवर रांगोळीसुद्धा घातली.

मॅडम रांगोळी ओलांडून आत गेल्या आणि गेरू लावलेला एकेक बुंधा पाहत फिरल्या. मग म्हणाल्या, "काकाजी, हे जंगल हाय का तुमचं अंगण? ससा लपन कुठं? सुतार पक्षी राहीन कुठं?"

मी म्हटलं, "मॅडम, त्याईलेही स्वच्छता आवडत असन."

त्यांनी हसू दाबलं, पण आराखड्यावरची सही राखून ठेवली. ती सही नाही तर जंगलाचा कारभार गावाच्या हातात येत नाही. मग काय, नेलं होतं ते परत. सारं गाव कचरा जंगलात टाकायला निघालं. बंडूजींनी तर चुलीतलं अर्धं जळालेलं लाकूड विझवून आणून दिलं. पाचोळा सारखा पसरला नाही म्हणून शकुंतलाबाई लोकांना रागावल्या. आता येऊन पाहा, सुताराची ठकठक सुरू झाली, पाल्यात तितर ओरडतात. इतका मन लावून केलेला पसारा जिल्ह्यात दुसरीकडे नसेल. माझा ऊर भरून येतो.

तुमचा,
पुंडलिक

ता.क. सगळं परत गेलं, एक सोडून. संक्रांतीला तुम्हाला बसायला म्हणून पाठवलेलं हळदूच्या झाडाचं पोकळ खोड. मॅडमजवळ त्याचा जुना फोटो आहे, त्यात राहणाऱ्या घोरपडीसकट. सोमवारी मॅडम खोड आणि घोरपड दोन्ही पाहायला येतात, तेव्हाच सही. घोरपड म्हणे थंडीत आत निजून राहते, ऊन तापलं की बाहेर येते आणि अंडी तिला फार आवडतात. हे मला कालच समजलं. ती विषारी नसते.

पुन्हा ता.क. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी विहीणबाई. हे पत्र घेऊन कैलास गाडीसह आला आहे. खोडाची दोन्ही तोंडं पोत्यानं बांधून, आतल्या पाहुणीसकट, हळूच त्याच्या गाडीत ठेवा. उत्तर लगेच लिहून त्याच्याच हाती द्या. फक्त ते खोडावर बसून लिहू नका.